साहेबांची अंघोळ

तात्यांचं आणि कुत्र्यांचं कधी जमलं नाही. चौतीस वर्षं घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचं रीडिंग घेणारा माणूस. दिवसाला दीडशे दारं, आणि त्यातल्या निम्म्या दारांमागे कोणी ना कोणी गुरगुरत बसलेलं. डाव्या पोटरीला दोन चावे, उजव्या मांडीला एक, आणि एक अशा जागी की तात्या त्याबद्दल चारचौघांत बोलत नसत. हा माणूस निवृत्तीनंतर कुत्रा सांभाळेल असं कोणी म्हटलं असतं, तर तात्यांनी त्याला सरळ वेड्यात काढलं असतं.

पण पोटच्या पोरीपुढे कोणाचं चाललंय? धाकटीने नवं घर घेतलं आणि तिथे कुत्री चालत नाहीत हे बाईसाहेबांना सामान हलवायच्या आदल्या दिवशी कळलं. मग ते केसाळ, तपकिरी, लोंबत्या कानांचं ध्यान तिने बापाच्या दारात आणून सोडलं. "आठच दिवस हं, बाबा!" त्या आठ दिवसांना आता तीन वर्षं झाली होती.

कुत्र्याचं मूळ नाव काहीतरी जोडाक्षरांनी भरलेलं होतं. ते तात्यांच्या जिभेवर बसेना. शिवाय गडी असा की खुर्ची त्याची, पंखा त्याचा, आणि हाक मारली तर मर्जी असेल तर वळून बघणार. तात्या म्हणाले, "हा तर आमच्या हापिसातला साहेबच!" तेच नाव पडलं. तेव्हापासून घरात 'साहेब झोपलेत', 'साहेबांचं पोट बिघडलंय' अशीच भाषा. बायकोला जाऊन चार वर्षं झालेली. घरात दुसरं बोलायला कोण होतं? तात्या भाजी चिरताना साहेबांशी बोलत, पेपर वाचताना साहेबांशी बोलत, आणि साहेब एक डोळा उघडा ठेवून ऐकून घेत.

आणि या सगळ्यावर उन्हाळ्यात गदा आली.

झालं असं, की थोरला मुलगा दुसऱ्या गावाहून भेटायला आला, साहेबांना कुरवाळायला वाकला आणि नाक दाबून उभा राहिला. कानांना वास येत होता. काखेत केसांच्या गाठी झालेल्या, पंजांच्या बोटांमध्ये टम्म फुगलेल्या गोचिड्या. तात्या शपथेवर सांगत होते, "अरे, परवाच अंघोळ घातलीय!" पण परवाची अंघोळ अशी दिसत नाही हे कोणीही सांगेल. कुत्र्यांच्या डॉक्टरने तात्यांची चांगली खरडपट्टी काढली, औषधी शाम्पूची बाटली दिली, कानात घालायचं औषध दिलं. त्यात नेमकं त्याच दिवशी दुधाचं पातेलं गॅसवर जळून कोळसा झालं. थोरल्याने पातेलं पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"बाबा, कुत्र्याचं राहू द्या. तुमचं काय?" तो म्हणाला. "तुम्ही आता एकट्याने राहणं मला बरं दिसत नाही. माझ्याकडे चला. साहेबांना चांगलं घर बघू."

तात्या चिडले, ओरडले, जेवले नाहीत. शेवटी धाकटी मध्ये पडली आणि तोडगा निघाला. एक महिना. डॉक्टरने सांगितलेलं सगळं तात्यांनी एकट्याने, वेळच्या वेळी करायचं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी थोरला येऊन बघणार. साहेब ठणठणीत आणि स्वच्छ असले तर तात्या आपल्या घरात, साहेबांसकट. नाहीतर बॅग भरायची.

तात्यांनी वही केली. आता वही म्हणजे तात्यांचा हातखंडा. मीटर वाचायच्या धंद्यात एकच शिस्त: आकडा डोळ्यांनी पाहिला की तिथल्या तिथे लिहायचा, पुढच्या दारापर्यंत डोक्यात न्यायचा नाही. आणि आकडा मिळालाच नाही, घरात कोणी नसलं, तर मनाने काही न ठोकता लिहायचं: 'दार बंद'. चौतीस वर्षांत तात्यांनी एक आकडा मनाने लिहिला नव्हता. वहीत रकाने पडले. अंघोळ गुरुवारी. कान शनिवारी. नखं महिन्यातून एकदा. विंचरणं, दात आणि गोचिड्या बघणं रोज. शाम्पूच्या बाटलीवर आत किती आहे ते बघून पेनाने रेघ मारली. प्रत्येक अंघोळीनंतर नवी रेघ.

पहिला गुरुवार तर झकास गेला. आधी कोरड्या अंगावरून कंगवा फिरवला, कारण गाठी ओल्या झाल्या की आणखी आवळतात असं डॉक्टरने बजावलं होतं. साहेबांच्या कानात कापसाचे बोळे घातले, कोमट पाणी ओतलं, फेस केला आणि तो दहा मिनिटं अंगावर मुरू दिला. ही दहा मिनिटं म्हणजे शिक्षा. साहेब दर मिनिटाला अंग झटकत होते आणि तात्यांच्या चष्म्यापासून छतापर्यंत सगळीकडे फेस. पुसून, पंख्याखाली बसवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून तात्यांनी वहीत लिहिलं: 'अंघोळ झाली.' बाटलीवर रेघ मारली. कंबर धरली होती, पण मान ताठ.

दुसऱ्या गुरुवारी ते रोजच्यासारखे सकाळी वाचनालयात गेले, साडेअकराला परत आले, बाह्या सरसावल्या आणि साहेबांना हाक मारली. साहेब आले. तात्यांनी पाठीवर हात ठेवला आणि हात तसाच राहिला.

साहेब ओले होते. चिंब नव्हे, पुसलेल्या केसांना जी ओल राहते तेवढे. अंगाला शाम्पूचा वास. न्हाणीघरातली फरशी ओली. बादली पालथी घातलेली.

तात्यांनी बाटली उजेडात धरली. शाम्पू रेघेच्या खाली गेला होता. एका अंघोळीएवढा, अगदी मापात.

"अंघोळ कोणी घातली?" तात्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी जांभई दिली.

तात्या स्टुलावर बसले. दाराला कुलूप होतं, ते त्यांनी स्वतः उघडलं होतं. किल्ली खिशात. दुसरी किल्ली अडीअडचणीला म्हणून धाकटीकडे, आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, या वेळी ऑफिसात. मग राहिलं कोण? सकाळी चहा घेतला. पेपर आणला. मग... मग निघालो. की आधी अंघोळ घातली आणि मग निघालो? कपडे कोरडे होते. पण बदलले असतील तर? दोरीवर एक सदरा वाळत होता. तो आजचा की कालचा?

आता तुम्हीच सांगा, सरळ डोक्याच्या माणसाने करावं काय? पुन्हा अंघोळ घालावी तर डॉक्टरने सांगितलेलं, फार वेळा घातली तर कातडी कोरडी पडते. न घालावी तर वहीत काय लिहायचं? 'झाली' लिहायला हात धजेना, कारण आठवत नव्हतं. 'नाही झाली' लिहावं तर कुत्रा समोर घमघमतोय. शेवटी त्यांनी रकान्यात लिहिलं: 'दार बंद'. स्वतःच्या घराबद्दल, घरात बसून.

पुढच्या सोमवारी नखं. साहेबांची नखं काळी, आतली रक्ताची शीर बाहेरून दिसत नाही. जरा जास्त कापलं की रक्ताची धार. या कामाला तात्या मनातून टरकलेले होते, म्हणून दोन दिवस पुढे ढकललं होतं. वाचनालयातून येताना हनुमंतासारखं बळ गोळा करूनच ते घरात शिरले. साहेबांचा पंजा हातात घेतला. नखं कापलेली! अठराच्या अठरा. नुसती कापलेली नाहीत, कानशीने घासून गोल केलेली. तात्यांना स्वतःच्या पायाची नखंसुद्धा अशी कधी जमली नव्हती.

नखं कापायचं हत्यार खणात, दुकानदाराने दिलेल्या कागदातच गुंडाळलेलं होतं. वापरून पुन्हा गुंडाळलं? "मी?" तात्या स्वतःशीच मोठ्याने म्हणाले. "चष्म्याशिवाय मला सुईचं नेढं दिसत नाही, आणि मी हे केलं?" त्यांनी स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. हात त्यांचेच होते. ते काही सांगेनात. वहीत दुसऱ्यांदा 'दार बंद'.

तिसऱ्या गुरुवारी तात्यांनी ठरवलं, आज बाहेर पायच टाकायचा नाही. पेपर घरीच वाचला. साहेबांवर नजर ठेवली, साहेबांनी त्यांच्यावर. काही झालं नाही. अकरा वाजता स्वतःच्या हाताने अंघोळ घातली, लगेच लिहिली, रेघ मारली. शाम्पू बरोबर तिथेच होता जिथे असायला हवा. तात्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण डोक्यात भुंगा शिरला होता तो शिरलाच. घरात बसलं की सगळं बरोबर, बाहेर जाऊन आलं की गोंधळ. म्हणजे बाहेर पडताना मी काय करतो तेच माझ्या ध्यानात राहत नाही? आणि बाहेर कुठे कुठे जातो? वाचनालयातच जातो ना?

चौथ्या गुरुवारी मुद्दाम पुन्हा घरी थांबले, अंघोळ स्वतः घातली. सगळं सुरळीत.

मग आला शनिवार, रविवारच्या आदला. तात्या दुपारी झोपून उठले, तोंड धुतलं, कानांचं औषध घ्यायला गेले. औषधाचं झाकण उघडं. केराच्या डब्यात कापसाचे दोन बोळे, मळाने तपकिरी झालेले. त्यांनी साहेबांचा कान उलटा करून पाहिला. गुलाबी, लख्ख. दुसराही तसाच. वही कोरी.

त्यांनी धाकटीला फोन लावला.

"काय गं, तू आली होतीस का घरी?"

"मी? नाही हो बाबा. का?" धाकटीचा आवाज जरा घाईचा.

"नाही... साहेबांचे कान कोणीतरी साफ केलेत."

धाकटी हसून म्हणाली, "अहो, तुम्हीच केले असतील! विसरला असाल. होतं असं, बाबा. एवढं काय त्यात?"

तात्यांनी फोन ठेवला. आता स्वतःच्या पोरीलाही असं वाटतंय म्हटल्यावर संपलंच की! त्यांनी तिसऱ्यांदा 'दार बंद' लिहिलं आणि साहेबांच्या शेजारी जमिनीवर बसले. रडू आलं तर दाबलं नाही. घरात बघणारं होतंच कोण? साहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली, आणि ते स्वच्छ, मऊ, सुगंधी डोकं मांडीवर घेऊन तात्यांना आणखीच भडभडून आलं.

रविवारी थोरला आला, धाकटीही आली. थोरल्याने येताक्षणी खाली बसून साहेबांची तपासणी सुरू केली. कान बघितले, काखा चाचपल्या, बोटांच्या बेचक्या फाकवल्या, ओठ वर करून दातसुद्धा पाहिले. साहेबांनी हा अपमान चेहरा दगडासारखा ठेवून सोसला.

"बाबा!" थोरला उठून म्हणाला, आणि त्याचा चेहरा फुलला होता. "मानलं तुम्हाला. एक गोचीड नाही, एक गाठ नाही. मी हरलो. राहा तुम्ही इथे, बिनधास्त."

धाकटीने टाळ्या वाजवल्या. तात्या हसले नाहीत. त्यांनी वही थोरल्याच्या हातात दिली.

"पास मी नाही झालो," ते म्हणाले. "यात तीन ठिकाणी 'दार बंद' लिहिलंय, ते वाच. एक अंघोळ, एकदा नखं, आणि कालचे कान. कामं झालीत, पण मी केल्याचं मला आठवत नाही. एकदा नाही, तीनदा. कुत्रं स्वच्छ आहे म्हणून तू फसू नकोस. आज शाम्पू आहे, उद्या गॅस असेल. मी येतो तुझ्याकडे." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "फक्त साहेबांना घर चांगलं बघ. पंखा असलेलं."

थोरला वही हातात घेऊन उभाच राहिला. आणि धाकटी हुंदका देऊन खाली बसली.

"बाबा, नाही हो... तुम्ही काही विसरला नाहीत. मी पाठवली होती."

"कोणाला?"

"कुत्र्यांच्या पार्लरवालीला. साहेब माझ्याकडे होते तेव्हा त्यांची अंघोळ, नखं तीच करायची. मला भीती वाटली, तुमच्याकडून काही राहून गेलं तर दादा तुम्हाला घेऊन जाईल, साहेब जातील... म्हणून तिला माझी किल्ली दिली. तुम्ही वाचनालयात असताना जाऊन ये, बाबांना कळू देऊ नकोस म्हटलं. मला वाटलं, तुम्हाला वाटेल सगळं छान चाललंय."

"अगं पण मी काल फोन केला तेव्हा..."

"घाबरले मी. तोंडाला आलं ते बोलले. चुकले, बाबा."

तात्यांना काय वाटलं ते त्यांनाच सांगता आलं नसतं. राग आला होता, पण रागाच्या आधी एवढं मोठं ओझं उतरलं की ते खदाखदा हसायलाच लागले. "म्हणजे मी शहाणा आहे!" ते साहेबांना म्हणाले. "ऐकलंत का साहेब? आणि तुम्ही गप्प बसलात! घरात परकी बाई शिरते आणि तुम्ही भुंकतसुद्धा नाही?" थोरलाही हसू लागला. धाकटी रडता रडता हसत होती. तिने तिथेच पार्लरवालीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"ताई, बाबांना सांगून टाकलंय आता. तूच सांग त्यांना, काय काय केलंस."

"अगं बाई, सांगितलंत का? बरं झालं," पार्लरवाली खणखणीत आवाजात म्हणाली. "काका, रागावू नका हं. एक अंघोळ आणि एकदा नखं, एवढंच केलं मी. नंतरच्या दोन्ही गुरुवारी आले होते, पण दाराबाहेर तुमच्या चपला दिसल्या, तशीच माघारी फिरले."

"आणि कान?" तात्यांनी विचारलं. "काल दुपारी."

"कान? नाही हो. शनिवारी मी कुठली येते! शनिवारी माझ्याकडे सकाळपासून रात्रीपर्यंत कुत्र्यांची रांग असते. कानांना मी हातच लावलेला नाही."

फोन बंद झाला. धाकटी डोळे पुसत होती, थोरला साहेबांची पाठ थोपटत चहाचं विचारत होता. पार्लरवालीचं शेवटचं बोलणं दोघांनीही नीट ऐकलं नव्हतं. तात्यांनी ऐकलं होतं. तीन नोंदी. तिच्या दोन.

काल दुपारी तात्या एकटेच घरात होते. दाराला आतून कडी होती, घाबरण्याच्या भरात ती काल ध्यानातच आली नव्हती. कापूस कोणी काढला, बोळे कोणी केले, औषध कोणी घातलं? तात्यांनी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. झोपलो, उठलो, तोंड धुतलं. त्याच्या आधी काय? त्याच्या आधी काहीच नव्हतं.

गप्प बसले असते तर चाललं असतं. पोरगा खूश, पोरगी खूश, साहेब पंख्याखाली. कोणी विचारणार नव्हतं.

"थांब जरा," तात्या थोरल्याला म्हणाले. "चहा मागून. कान तिने केले नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी केले. आणि मला आठवत नाही."

थोरल्याचं हसू ओसरलं. धाकटी पटकन म्हणाली, "अहो बाबा, एक दिवस होतं कोणाचंही..."

"तू गप्प बस," तात्या तिच्यावर कडाडले. असा आवाज त्यांनी पोरीवर वर्षानुवर्षं काढला नव्हता. "काल तू म्हणालीस, तुम्हीच केले असतील, विसरला असाल. ते खरं निघालं. पण तू ते खोटं म्हणून बोलली होतीस! अगं, माझं डोकं बिघडायचं तर बिघडेल. पण किती बिघडलंय ते मला कळायला नको? महिनाभर मी वेड्यासारखा स्वतःचे हात बघत बसलोय. मीटरलाच तुम्ही हात घातलात, तर मी वाचू काय?"

धाकटीने पर्समधून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. तात्यांनी ती उचलून पुन्हा तिच्या हातात दिली.

"असू दे तुझ्याकडे. आणि त्या बाईला सांग, गुरुवारी येत जा. मी घरात असेन. अंघोळ दोघं मिळून घालू, माझ्याच्याने तसंही आता वाकवत नाही."

थोरला वहीची पानं चाळत राहिला होता. त्याने पेन घेतला, 'दार बंद' या तिसऱ्या नोंदीपुढे लिहिलं, 'बाबांनी केलं', आणि वही मिटली.

"डॉक्टरकडे जाऊ या आठवड्यात. माणसांच्या," तो म्हणाला. "मग बघू. तोवर इथेच राहा. रविवारी मी येत जाईन. कान मी करेन, मला शिकवा."

"ये," तात्या म्हणाले. "पण दोघंही, बेल वाजवून या."